कावळ्यांना कार्ड पाठवता येत नाही

अहो,

या दोन अक्षरांच्या पुढे काय लिहायचं ते मला कधीच कळलं नाही. सगळा संसार याच दोन अक्षरांवर रेटला. तुम्ही मात्र मला चारचौघांत 'बेगम' म्हणायचात, आणि मी लाजेने मेल्याचं सोंग करायची. आता 'अहो' म्हटलं की घरात कुणी वळून बघत नाही. काल मोहन तेवढा आतून ओरडला, "आई, मला काही म्हणालीस का?" तुमचाच लेक. हाक दुसऱ्याला असली की याला बरोबर ऐकू येते.

तुम्ही गेल्याचं सगळ्यांना कळवून झालं. मोहनने फोनवर एका बोटाने सगळ्या खानदानाला एकदम कळवलं, खाली तुमचा फोटो. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर फेटा. त्यात तुम्ही गेलेले कमी आणि वरातीला निघालेले जास्त दिसता. उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं आली, खंडीभर. रडलं कोण, ते फोनमध्ये दिसत नाही.

एकच माणूस राहिला. बापू. परभणीत बसलेला माझा थोरला भाऊ. त्याला मीच सांगणार, असं मी मोहनला बजावलं. तुम्हाला काळ्या केसांत पाहिलेला, तुमच्याशी भांडलेला, तुमच्यासाठी एकदा ऊर बडवून रडलेला असा तो एकच आता शिल्लक आहे. त्याने रडावं, निदान एकदा मोठ्याने, एवढंच मला हवंय. आणि तेच होईलसं वाटत नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही याआधीही एकदा गेला होतात, आणि ती बातमीही मीच कळवली होती.

दोष कावळ्यांचा. तुम्ही म्हणाल, दोष तुझा, कावळे बिचारे हुशार होते. बरं, तसं म्हणा. आता काय, तुमच्याशी भांडून मी जिंकले तरी त्यात मजा नाही.

तेव्हा आपलं हैदराबाद राज्य मोडायचं चाललं होतं. पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात जायचे, तेलुगू मुलूख आंध्राला, कानडी तिकडे म्हैसूरला. तुम्ही सरकारी नकाशे काढणारे. सकाळी जिल्हे कापायला जायचात, संध्याकाळी बोटांना शाई लावून परत. मी परभणीहून हैदराबादला नवी नवी आलेली, चौथी पास, सतरा वर्षांची, आणि या जगात आपल्याला कळत नाही असं काही नाही याची पक्की खात्री असलेली. ती पोरगी आज मला काचिगुड्याच्या बाजारात भेटली तर आधी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. मग विचारीन, बाई, तुझी वेणी एवढी घट्ट कोण घालतं? डोक्याला रक्त पोचत नसेल.

बरकतपुऱ्यातल्या त्या घराला अंगण होतं, अंगणाला कमरेइतकी भिंत. तुम्ही तिला मुंडेर म्हणायचात. रोज सकाळी मुंडेरीवर आरसा टेकवून तुमची दाढी चालायची आणि वरच्या कडुनिंबावरून कावळे बघत बसायचे. एकाने तुमची साबणाची वडीच पळवली होती. तुम्ही अर्धं तोंड फेसाने भरलेलं तसेच हसत उभे. मी आतून म्हणाले, "हाकला की त्याला!" तर तुम्ही म्हणालात, "अगं, रोज बघून बघून शिकला असेल. आता घरी जाऊन दाढी करेल." मला वाटलं, माझ्या वडिलांनी मला वेड्याच्या गळ्यात बांधलं.

मग एका सकाळी तारेला चिकटून एक कावळा मेला आणि अंगणात पडला. मी पदर नाकाला लावून आत पळाले. तुम्ही मात्र दोन्ही हातांत त्याला उचललंत, झोपलेलं लेकरू उचलावं तसं, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे पुरून आलात. तेवढ्यात निंबावर एवढे कावळे जमले की पान दिसेना. जो तो कोकलतोय. मी खिडकीतून हळहळले, "सुतक पाळताहेत हो बिचारे."

"सुतक नाही," तुम्ही हात धुता धुता म्हणालात. "पंचनामा चाललाय. कोण मेलं ते त्यांना दिसतंय. कुणी मारलं, ते शोधताहेत."

आणि त्यांनी शोधलं. मेलेला ज्याच्या हातात दिसला तोच खुनी. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं की मागून सपकन एक, पुढून सपकन एक. गल्लीतून इतकी माणसं जायची, दूधवाला, भाजीवाली, मी. कुणाला काही नाही. फक्त तुम्ही. शेजारचे मिर्झासाहेब हे सगळं हुक्का ओढत बघायचे. ते म्हणाले, "कपड्याला पैचानते होंगे मियाँ." मग तुम्ही दोघा शहाण्यांनी कपडे बदलले. तुमचा कोट आणि काळी टोपी मिर्झासाहेबांच्या अंगावर, त्यांची शेरवानी आणि तुर्रेदार लाल टोपी तुमच्या. मिर्झासाहेब तुमची चाल करत कोपऱ्यापर्यंत गेले, एका कावळ्याने मान वळवली नाही. तुम्ही निघालात आणि लाल टोपी मुंडेरीपलीकडे गटारात. मिर्झासाहेब लांबून ओरडले, "मियाँ, ये कौए नै, सीआयडी हैं! तुमकोच नै, तुमारे बच्चों को बी पैचान लेंगे!"

तुम्ही दोघं हसत होतात. मी दारात गोठले होते. कारण टोपी उडवताना त्या कावळ्याचा पाय तुमच्या डोक्याला लागला होता. कावळा शिवला होता.

माझ्या आजीने सांगून ठेवलेलं. कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाचं आयुष्य सरलं. त्यावर उतारा एकच. तो मेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना धाडायची. त्यांनी खरं समजून रडायचं. रडणं झालं की मरणाचं देणं फिटलं. मग लगोलग दुसरी बातमी धाडायची की माणूस सुखरूप आहे. आमच्या गावात हे असं चालायचं, कुणी त्यात नवल मानत नसे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हसला असतात. म्हणून विचारलं नाही.

दोन कार्डं आणवली. एकावर लिहिलं, "काल सकाळी हे आम्हांस सोडून गेले." त्याचा कोपरा फाडला, मरणाच्या कार्डाचा फाडतात तसा, अगदी नीट, कात्रीने. तिथेही नीटनेटकेपणा. दुसऱ्यावर लिहिलं, "हे सुखरूप आहेत. मागील पत्र मनावर घेऊ नये." आता यातलं पहिलं आज टाकायचं आणि दुसरं उद्या, एवढं साधं काम. पण आमची हुशारी बघा. टपालपेटी कोपऱ्यावर, ऊन भारी, दोनदा कशाला जायचं? दोन्ही एकदमच टाकली. आणि तारीख? तारीख घालायची असते हे चौथीत शिकवलं होतं. मी त्या दिवशी शाळेत गेले नसणार.

सुखरूप असल्याचं कार्ड परभणीला आधी पोचलं. वडील म्हणाले, जावईबापूंना काही दुखणं झालं असेल, आता बरे आहेत म्हणते. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी कोपरा फाडलेलं आलं.

म्हणजे त्यांच्या हिशोबाने तुम्ही आजारी पडलात, बरे झालात, आणि मग गेलात. कुणीही विश्वास ठेवला असता.

त्या सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. मनात म्हणत होते, आता ते दुसरं कार्डही पोचलं असेल, किती छान झालं. तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि आईचा टाहो ऐकू आला. "माझ्या लेकीचं कुकू पुसलं रे देवा!" ती आत आली ती सरळ माझ्या हातांवर. बांगड्या फोडायला. मी म्हणते, "आई, अगं थांब," आणि ती म्हणते, "थांबू कशाला गं आता, कुणासाठी थांबू?" वडील उंबऱ्यातच बसलेले. बापू भिंतीला डोकं टेकून ओक्साबोक्शी रडतोय, "दाजी, असं कामून केलंत हो!" आणि न्हाणीकडून तुम्ही आलात. तोंडाला फेस, हातात वस्तरा.

"बापू, कोण गेलं?" तुम्ही विचारलंत.

आईने किंकाळी फोडली. बापू तुमच्याकडे बघत राहिला, मग येऊन त्याने तुमच्या गालावरचा फेस बोटाने पुसून बघितला. खरा आहे का ते. आणि तुम्हाला मिठी मारून पुन्हा रडला. त्या दिवशी त्याच्या सदऱ्याला साबण लागला होता, तो परत जाईपर्यंत त्याने धुतला नाही. हे तुम्हाला आठवत होतं का? मी कधी विचारलं नाही.

मग कार्ड निघालं. बापूची नजर माझ्यावर. "सुमे, हे अक्षर तुझं हाय." मिर्झासाहेबांकडची सगळी भिंतीवरून बघतायत. आणि तुम्ही वस्तरा पुसत शांतपणे म्हणालात, "अक्षर तिचं आहे. अक्कल माझी. कावळा मला शिवला, मीच घाबरलो, मीच सांगितलं तिला लिहायला."

तुम्ही! ज्यांनी आयुष्यात आडव्या गेलेल्या मांजरालाही कधी वाट दिली नाही, ते तुम्ही.

बापूचा चेहरा काळाठिक्कर पडला. "दाजी," तो म्हणाला, "माझ्या मायची काय दशा झाली रेल्वेत ती तुम्ही बघितली नाही. आता तुम्ही खरंच मेलात तरी म्या येणार नाही. कार्ड आलं तर चुलीत घालीन." आणि माझ्याकडे वळून, "तू बी ऐकून ठेव."

तो राग सहा महिनेही टिकला नाही. पुढे तुम्हा दोघांचं माझ्यापेक्षा जास्त जमलं. पण ती शपथ तुमची थट्टा होऊन बसली. तो आला की तुम्ही विचारायचात, "काय बापू, माझ्या मयताला येणार ना?" तो म्हणायचा, "पुरावा पायजे." "कसला पुरावा?" "तुमच्या कावळ्यांची सही आणा." आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसायचात, मी भाकरी भाजता भाजता तुम्हाला शिव्या द्यायची.

तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत त्याबद्दल मी काही बोलले नाही. त्या दिवशी लाज वाटली म्हणून. नंतर वाटलं, आता फार उशीर झाला. मग मुलं झाली, मग त्यांची लग्नं. असं बोलायला बरा दिवस कुठला असतो? तुम्ही दवाखान्यात नळ्यांत होतात तेव्हा मी बोलायला वाकले, तर नर्स म्हणाली, "अम्मा, पेशंटला त्रास नका देऊ."

ते असो. भांडण दुसरंच आहे, आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

बापू तुमच्याच खात्यात, परभणीला. त्याने साहेबाला सांगून तिथली एक जागा तुमच्यासाठी धरून ठेवली होती. राज्य बदललं की आपण तिकडे जायचं, माझ्या माहेरी, आपल्या लोकांत. मी लोणच्याची बरणीही बांधून ठेवली होती. कार्ड वाचून बापू रडत रडत आधी कचेरीत गेला आणि साहेबाला म्हणाला, आमचे दाजी गेले. साहेबानेही डोळे पुसले, आणि ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली. मेलेल्या माणसासाठी जागा कोण धरून ठेवतो?

पण तुम्ही तर जिवंत होतात ना! जाऊन सांगायचं होतं. दोन ओळी लिहायच्या होत्या की मी आहे. तुम्ही म्हणायचात, सांगितलं होतं, उपयोग झाला नाही. मी म्हणायची, नाही सांगितलं. तुम्हाला इथेच राहायचं होतं. इथला तो बशीतला चहा, मिर्झासाहेबांच्या ओसरीवरच्या गप्पा, अफझलगंजच्या वाचनालयातली तुमची खिडकीजवळची खुर्ची. तुम्ही मुद्दाम मेलात.

"मारलंस तू," तुम्ही म्हणायचात. "मी फक्त मेलेला राहिलो."

याच्यावरचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतेय. आता सुचलं तरी कुणाला देऊ?

एकदा, मोहनच्या मुंजीच्या सुमाराला असेल, मी फारच धरून बसले तर म्हणालात, "हे बघ, या कावळ्यांचा माझ्यावर खोटा आळ आहे. तो मिटवल्याशिवाय गाव सोडलं तर खरा ठरेल." मी कपाळावर हात मारला. कावळ्यांपुढे अब्रू राखायला माणूस माहेर सोडायला लावतो, हे कुठल्या कुंडलीत लिहिलेलं असतं?

पण तुम्ही मिटवलात. किती वर्षं लागली! आधी मुंडेरीच्या पार टोकाला पोळीचा तुकडा ठेवून मागे सरायचं. मग अर्ध्यावर. ज्यांनी तो मेलेला कावळा पाहिला होता ते म्हातारे झाले, गेले असतील. तरी त्यांची पोरं तुमच्यावर कोकलायची, ज्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "ऐकीव वैर फार चिवट असतं. बघितलेलं माणूस विसरतो." शेवटी एक कावळा आला, एका पायाने अधू. त्याने तुमच्या हातून तुकडा घेतला, उडून पाण्याच्या कुंडीशी गेला, कडक पोळी पाण्यात बुडवली, मऊ झाली का ते चोचीने दाबून बघितलं, आणि खाल्ली. तुम्ही आत येऊन नुसते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. तुमचा चेहरा मी मोहन झाला तेव्हाही तसा पाहिला नव्हता, आणि हे मी तुम्हाला तेव्हाही ऐकवलं होतं.

मी नाक मुरडायची. म्हणायची, एवढे शहाणे तर कोकिळेची पोरं कशी पोसतात? स्वतःचं आणि परक्याचं कळत नाही? तुम्ही म्हणालात, "तोंड उघडून बसलेल्याला तुझं आडनाव काय, असं विचारायचं नसतं." मला वाटलं, मला टोमणा आहे. असेलही. मी तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला आपला कुठला, असं विचारायची.

घर पाडून अपार्टमेंट झालं, आपण तिसऱ्या मजल्यावर गेलो. निंबही गेला. मी म्हटलं, चला, सुटलो कावळ्यांतून. सामान अजून लिफ्टमध्ये होतं आणि बाल्कनीच्या कठड्यावर दोघं बसून, काय हो, उशीर केलात, अशा चेहऱ्याने बघत होते. इतक्या बाल्कन्यांतून नेमकी आपली. तुम्ही आरसा काढून कठड्याला टेकवलात आणि दाढी सुरू केली. सामान मी लावलं.

आणि आता ऐका.

तुम्हाला दवाखान्यातून आणलं ते वर नेलंच नाही. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणाले. खाली गाड्या लावतात तिथे ठेवलं. मी तुमच्या उशाशी बसले. बायका आल्या, गेल्या, मी तिथेच. तुमच्या गालाला हात लावला तर दाढी वाढलेली. मी मोहनला म्हटलं, दाढी करा यांची, तर तो म्हणाला, "आई, आता राहू दे." मी मान वर केली. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर कावळे. एक नाही, रांगच. ओरडत नव्हते. बघत होते. तुमच्याकडे नाही. माझ्याकडे.

पंचनामा हो, दुसरं काय.

मेलेला ज्याच्या हातात दिसतो तोच. तुम्हीच शिकवलंत ते. दुसऱ्या दिवशी मी कठड्यावर पोळी ठेवली. कुणी आलं नाही. मी तुमच्यासारखं खाकरून बघितलं, तुम्ही दाढीच्या आधी खाकरायचात तसं. टाकीवर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला खरंच लाज वाटली, नाटकात वाक्य विसरल्यासारखी. तुमचा स्वेटर घालून बसले, या उकाड्यात. मिर्झासाहेब असते तर म्हणाले असते, "बेगम, सीआयडी को स्वेटर से क्या होता?" मी धुणं वाळत घालायला गेले की आता ते कोकलतात. मोहन गेला तर नाही, कामवाली गेली तर नाही. नेमकी मी. तुम्हाला निर्दोष सुटायला अर्धं आयुष्य लागलं. माझ्याकडे तेवढं नाही. मी खुनी म्हणूनच जाणार.

दहाव्याचं विचारू नका. तुम्ही बजावून ठेवलं होतं की माझ्या कावळ्यांना पिंडाच्या कामाला जुंपू नका, चाळीस डोळे रोखून बघत बसलात तर मीसुद्धा जेवणार नाही. पण मोहनला लोक काय म्हणतील याची भीती. ठेवलं पान, खाली आवारातच. कावळा आला नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, यांची काय इच्छा राहिली, बोला, कबूल करा. मी काय बोलू? त्यांची काही इच्छा राहिली नाही हो, कावळा माझ्यामुळे येत नाहीये, मला आत जाऊ द्या, म्हणजे येईल, असं म्हटलं. कुणी ऐकलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. गवताचा. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात, आणि मला तुमच्या हसण्याचा राग आला असता, आणि दिवस नीट गेला असता.

समोरच्या फ्लॅटमधली रमादेवी भेटायला आली. तिचा नवरा सरकारात, मूळ तिकडचा, आंध्राचा. परवाच आंध्रापासून तुटून हे नवं राज्य झालं, फटाके तुम्ही दवाखान्यातून ऐकलेत. आता त्याला तिकडे पाठवतील का इकडे ठेवतील, कुणाला माहीत नाही. ती म्हणाली, "आंटी, तुमच्या वेळीपण असंच झालं होतं ना? तुम्ही कसं ठरवलं?" मी म्हटलं, "आम्ही मेलो, आणि मग राहिलो." तिला वाटलं, म्हातारी दुःखाने बरळतेय. तिने माझा हात धरला. मीही धरू दिला.

मग आज, सगळं उरकल्यावर, बापूला फोन लावला. त्याच्या सुनेने आधी सांगितलं की मामंजींना हल्ली काही आठवतं, काही नाही. जुनं सगळं लख्ख, कालचं कोरं. म्हटलं, दे त्यांना.

"बापू, मी सुमन. हैदराबादहून."

"बोल सुमे! पाऊस हाय का तिकडं?"

"बापू, ऐक. हे गेले."

मला वाटलं, आता येईल. तो आवाज येईल, त्या दिवशी भिंतीला डोकं टेकून काढला होता तो. मी फोन कानाशी दाबून धरला. डोळे मिटले. माझंही रडणं तिथेच अडकलं होतं, त्याच्या पाठोपाठ निघायचं म्हणून.

आणि तो हसायला लागला. बोळक्या तोंडाने, खुदुखुदु, धाप लागेपर्यंत.

"पुन्हा कावळा शिवला काय गं? आगं येडे, कार्डावर तारीख घालाया तरी शिकलीस का?"

"बापू, खरंच रे. शपथ."

"ठाऊक हाय मला. माझ्या मायला रडवलंत, आता मला न्हाई रडवू शकत तुम्ही दोघं." मग एकदम आवाज मऊ झाला. "काय करायलेत दाजी? दे त्यांना. दाढी करायलेत काय?"

आता बघा, इथे मला बोलता आलं असतं. समजावता आलं असतं. मोहनला फोन देता आला असता, तो शिकलेला, त्याने पटवलं असतं. म्हाताऱ्याला पटलं असतं आणि तो रडलाही असता. मला तेच हवं होतं ना? आणि उद्या सकाळी तो विसरला असता, आणि सुनेने पुन्हा सांगितलं असतं, आणि तुम्ही त्याच्यासाठी रोज सकाळी नव्याने गेला असतात.

"हो," मी म्हटलं. "दाढी करतायत."

"मग राहू दे. तोंडाला फेस असंल. नंतर बोल म्हणावं."

"सांगते."

एवढंच. तुम्ही तेव्हा जिवंत असून दोन ओळी लिहिल्या नाहीत, मेलेले राहिलात. आता मीही कळवलं नाही. परभणीत तुम्ही आहात, दाढी करताय, तोंडाला फेस आहे. फिटंफाट झाली म्हणा. पण रडणारं कुणी उरलं नाही हो. एकदाच रडायचा होता तो, आणि ते रडणं मी सतराव्या वर्षी उधळून टाकलं.

फोन ठेवून बाल्कनीत गेले. सकाळची पोळी कठड्यावर तशीच, उन्हाने पापडासारखी कडक झालेली. टाकीवर ते बसलेले. त्यांना काय सांगणार? त्यांना कार्ड पाठवता येत नाही. त्यांनी स्वतः बघितलंय.

पोळी आत आणली. दात नाहीत. वाटीत पाणी घेतलं, तुकडा बुडवला, मऊ झाला का ते बोटाने दाबून बघितलं, आणि खाल्ला.